झाडं काढा, रस्ता राहू द्या

"भाई क्यां छे?"

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारायचं. मी काउंटरमागे उभी, हातात स्क्रू-ड्रायव्हर, पुढ्यात पोट उघडलेला कॉम्प्युटर, आणि तरी माणूस माझ्या खांद्यावरून मागे डोकावायचा. खरा मेकॅनिक आत जेवायला बसला असेल अशी त्याची खात्री असायची. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. पुढे मी ठरलेलं उत्तर द्यायला लागले, की भाई हजिऱ्याला कारखान्यात असतात, संध्याकाळी येतील, पण त्यांना फक्त चहा करता येतो. आमच्या ह्यांना या उत्तराचा जरा राग होता, कारण चहाही त्यांना धड जमत नसे.

नव्वदच्या दशकात सुरतेत उधन्याला माझं कॉम्प्युटर जोडणीचं दुकान होतं. आता ते बंद करूनही बरीच वर्षं झाली. लोक विचारतात, जोडणी म्हणजे नेमकं काय करायचात? सांगते. आज जसा बंद डबा विकत मिळतो तसा तेव्हा आम्ही विकत नव्हतो. पत्र्याची पेटी एका ठिकाणची, बोर्ड दुसऱ्या ठिकाणचा, मेमरीच्या पट्ट्या तिसऱ्या. पडद्यावर चित्र काढायचं काम करणारं एक वेगळं कार्ड असे, आवाजाचं आणखी वेगळं. हे सगळं आणायचं, एकमेकांशी पटतंय का बघायचं आणि पेटीत बसवायचं. पटवण्यातच निम्मं आयुष्य जायचं. दोन चांगली माणसं एका घरात नांदतीलच असं नसतं, तसं दोन चांगल्या पार्टांचंही होतं.

गिऱ्हाईक मोठं मजेशीर. एक हिऱ्याचे व्यापारी रिक्षात नुसता मॉनिटर घालून घेऊन आले. गेम हळू चालतो म्हणाले, याला वेगवान करून द्या. मी विचारलं, "काका, पेटी कुठाय?" तर म्हणाले, ती टेबलाखाली आहे, ती बरोबर चालते, तिच्यातून काही आवाज येत नाही. दुसऱ्या एका कापड दुकानाच्या मुनीमजींनी पेटीवरचं 'टर्बो' लिहिलेलं बटण सेलोटेपने दाबून ठेवलं होतं, वेग बाहेर सांडू नये म्हणून. हिशोबासाठी मशीन घेतलंय असं शेठला सांगायचं आणि दुपारी दार लोटून विमानं पाडायची, हा कार्यक्रम सुरतेच्या निम्म्या पेढ्यांमध्ये चालायचा. विमानं अडखळायला लागली की हिशोब हळू होतोय अशी तक्रार माझ्याकडे यायची. मी हसू दाबून मेमरी वाढवून द्यायची.

पण या सगळ्यांत मला विसरता येत नाहीत ते लोटन मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पॉवरलूमच्या खात्यात माग दुरुस्त करणाऱ्या मुख्य फिटरला मास्तर म्हणतात. लोटन मास्तर मूळचे पारोळ्याकडचे, राहायला डिंडोलीत, पन्नाशीचे, काटक. रमणभाई शेठच्या उधन्यातल्या शेडमध्ये तीस वर्षं त्यांच्या हुकमावर माग चालले. ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा डाव्या हाताने एक जुनी पेटी छातीशी धरली होती आणि उजवा हात पँटच्या खिशात होता. सोबत कॉलेजात शिकणारी मुलगी ज्योती. एवढी जड पेटी आणि हा माणूस खिशातला हात काढत नाही, मला जरा चमत्कारिक वाटलं.

"भाई कुठे" हे त्यांनी विचारलं नाही. सरळ म्हणाले, "ताई, ह्या मशीनमधली गाडी अडकते. सरळ पळाली पायजे."

पेटी होती ४८६, म्हणजे पेंटियमच्या आधीच्या पिढीची. शेठच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना मास्तरांना मिळालेला. त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. मी चालू करून पाहिला. गाडी निघे, वळणावर येऊन थबके, आणि चित्र पुढे सरके तोवर खड्ड्यात गेलेली असे. मी धंद्याची पोपटपंची सुरू केली, की याच्यात काही अर्थ नाही, भंगारात काढा, नवीन घ्या. मास्तरांनी पेटीचं झाकण बोटाने वाजवलं.

"ताई, लूम जुनी झाली म्हणून आम्ही शेड पाडतो का? जो पार्ट थकला तो सांगा. तो बदलू."

मग ज्योती बोलली. आठ महिन्यांपूर्वी चालत्या मागात मास्तरांचा हात गेला होता. उजव्या हाताची अंगठ्यालगतची दोन बोटं गेली. जखम कधीच भरली होती. डॉक्टर म्हणाले, हाताला जोर आहे, वापरा. पण चालत्या मागाजवळ नेला की तो हात आपोआप मागे यायचा. मास्तर मनाला कितीही बजावोत, हात ऐकायचा नाही. शेठ वाईट माणूस नव्हता, त्याने पगार चालू ठेवला होता. पण मागाची जबाबदारी संतोष नावाच्या तरुण फिटरकडे दिली होती आणि मास्तरांना सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत बघू. नाही जमलं तर गेटवर खुर्ची टाकून देतो, आरामात बसा.

"गेटवर," मास्तर म्हणाले आणि पहिल्यांदाच हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला. "तीस वर्स मशीन चालाडी मी. हाऊ हातच आते मनं ऐकत नही, ताई."

माझं माहेर अमळनेरचं. अहिराणी कानावर पडली की मी अर्धी विरघळते, आणि हे ऐकून तर पुरतीच विरघळले.

त्यांचं म्हणणं असं होतं. घरी हा खेळ खेळताना पडद्यावरची गाडी वेगात अंगावर येते, तेव्हाही हात दचकतो. पण इथे दचकला तरी रक्त निघत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा करता येतं. रोज हात थोडा कमी दचकायला लागला होता. फक्त गाडी मध्येच अडकली की हाताची लय तुटायची. त्यांना खेळायची हौस होती असं नाही, निदान तेव्हा तरी. त्यांना दसऱ्याच्या आत हात परत हवा होता. मध्ये सव्वा महिना होता.

मी त्या पेटीवर जेवढी मेहनत घेतली तेवढी कुठल्या हिरेवाल्याच्या मशीनवर घेतली नसेल. पेटी तीच ठेवली, बोर्ड बदलून पेंटियम बसवला, मेमरी वाढवली आणि चित्राचं नवीन कार्ड घातलं. ज्या क्षणी खेळ सुरू केला आणि गाडी वळणावर न थबकता सुर्रकन निघून गेली, त्या क्षणी ज्योतीने माझा दंड इतका घट्ट पकडला की वळ उठला. रस्त्याच्या कडेची झाडं, मागचे डोंगर, आकाशातले ढग, सगळं सरळ पळत होतं. मास्तरांचा उजवा पाय आपसूक खाली दाबला जात होता, जसा काही तिथे ब्रेक आहे.

निघताना त्यांनी मागितलं, "जुना पार्ट द्या."

आमच्या धंद्यात बदललेले पार्ट दुकानदार ठेवून घेतो आणि टोपलीत टाकतो. कुणी मागत नाही. मी म्हटलं, "मास्तर, ते कार्ड आता कशाच्या कामाचं?"

"आमच्यात नियम शे. नवा पार्ट एक दसरा बघेल, तव्हयच जुना भंगारात. तोवर कपाटात."

मी जरा नाराजीनेच जुनं कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. मनात म्हटलं, कॉम्प्युटर म्हणजे काय लूम आहे?

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा. मास्तरांना बटणांवर गाडी चालवणं पटत नव्हतं. "गाडीला चाक पायजे." आवाजाच्या कार्डाला मागे पंधरा भोकांचं एक तोंड असतं, तिथे खेळाचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, जोडता येतो. मी त्यांना सांगितलं, की मशीनला बाकी काही कळत नाही, रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणासारखी एक चकती फिरली एवढंच कळतं. बस. माणूस पेटला. भंगारातल्या मागाचं हाताने फिरवायचं चाक आणलं, फळीवर लोखंडी दांडा उभा केला, चाक एका नटने त्यावर कसलं, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या रेडिओचं खरंखुरं बटण बसवलं. तारा मी जोडल्या. पहिल्या दिवशी उजवीकडे वळवलं की गाडी डावीकडे जायची. मी दोन तारांची अदलाबदल केली आणि गाडी वळली. आम्ही तिघं दुकानात असे ओरडलो की शेजारचा पानवाला धावत आला. त्याला वाटलं शॉक लागला.

मग रोज दुपारी निरोप यायचे. आज अमुक फेरी अमुक सेकंदात. आज एकदाही हात मागे आला नाही. आज आला, पण एकदाच. मी त्या आकड्यांची अशी वाट बघायची जशी घरात कुणाची परीक्षा चालू आहे.

ही बातमी शेडमध्ये गेली नसती तरच नवल. संतोष बिचारा सालस मुलगा, मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. पण बाकीच्यांनी त्याला चढवला. गेममध्ये गाडी चालवणं वेगळं आणि माग चालवणं वेगळं, असं कुणीसं म्हणालं. मास्तर ताडकन म्हणाले, दसऱ्याला मशीन शेडमध्येच आणतो, समोर बघा. रमणभाई शेठला तमाशा आवडायचा. त्याने जाहीर केलं, "सारू. पूजा पछी रेस. मास्तर अने संतोष. हूं पण जोईश." म्हणजे पूजेनंतर शर्यत, आणि शेठ स्वतः बघणार.

मास्तरांनी लगेच जोडलं, "शेठ, हात दचकला तर मी स्वतः गेटवर खुर्ची नेईन. तुम्ही सांगू नका."

हे त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं. मी म्हटलं, "मास्तर, हे बोलायची काय गरज होती?" ते म्हणाले, गरज नव्हती, पण बोलून गेलो.

दसऱ्याला लूमच्या शेडमध्ये एक रिवाज असतो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माग बंद करून प्रत्येक मशीनची सफाई आणि तेलपाणी होतं. दसऱ्याला हार, हळदकुंकू, नारळ. पाने, हातोड्या, सगळी हत्यारं एका पाटावर पूजेला मांडतात आणि पूजा झाली की ज्याने त्याने आपापलं हत्यार उचलायचं. मग मास्तर पहिला माग सुरू करतो आणि वर्षाचं काम पुढे सरकतं. पाटावर एक मोठा, हाताने गुळगुळीत झालेला पाना होता. तो लोटन मास्तरांचा. नऊ महिने कपाटातच पडून होता, तो आज पुन्हा बाहेर आलेला.

मला खास आमंत्रण होतं. मी पोचले तेव्हा आरती रंगात आली होती. मागांच्या रांगेत शेवटी माझी पेटी मांडलेली, तिलाही झेंडूची माळ, तिच्याही कपाळी कुंकू. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात दिसलं, की एक कामगार फोडलेल्या नारळाचं पाणी तांब्यातून प्रत्येक मशीनवर शिंपडत पुढे येतोय. मी ओरडले, पण टाळांच्या आवाजात कोण ऐकतो? मी गर्दीतून वाट काढेपर्यंत पेटीच्या जाळीतून चांगलं ओंजळभर नारळपाणी आत गेलं होतं. आणि कुणीतरी हौसेने बटण दाबलं.

पेटीने एक लांब शिट्टी मारली आणि दोन छोट्या. ही शिट्टी आमच्या धंद्यातला माणूस झोपेतही ओळखतो. चित्राचं कार्ड गेलं.

मी झाकण काढलं आणि बघतच राहिले. आत सगळीकडे तेल. पंख्यातून उडालेले थेंब बोर्डावर, पट्ट्यांवर, कार्डावर, आणि त्या तेलावर कुंकवाचा लेप.

"मास्तर, हे तेल?"

"काल देलं," ते समाधानाने म्हणाले. "पंखा कुरकुर करत होता. चांगलं भरपूर देलं."

रागवायचं कुणावर? मी त्यांना पेटी हलवू नका, धुळीत ठेवू नका, सगळं सांगितलं होतं. तेल घालू नका हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. मागवाल्या माणसाला हे सांगायला हवं, एवढी साधी अक्कल मला नव्हती. याची खंत मला आजही आहे.

मी पदर खोचला. सुती कापडाने बोर्ड पुसला. मेमरीच्या पट्ट्यांचे पितळी दात ज्योतीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने घासले. बोर्ड वाचला होता, मेमरी वाचली होती. कार्डावर मात्र नखाएवढा काळा डाग पडला होता. ते गेलं ते गेलंच. दसऱ्याचा दिवस, बाजार बंद, माझ्या दुकानात त्या जातीचं दुसरं कार्ड नाही. भोवती ऐंशी-नव्वद माणसं. शेठ घड्याळ बघत होता. मास्तरांचा हात पुन्हा खिशात गेला होता.

मग ते उठले, शेडच्या कोपऱ्यातल्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले आणि माझ्यापुढे उघडला. आत वर्तमानपत्रातली पुडी. मीच बांधलेली.

"आज भंगारात जाणार होतं," ते म्हणाले. "दसरा अजून सरला नही."

जुन्या कार्डांसाठी नव्या बोर्डावरही एक काळी लांब खाच असे, तिच्यात ते बसलं. बटण दाबलं. शिट्टी नाही. पडदा उजळला. शेडमध्ये एकदम कल्ला झाला.

पण खेळ सुरू केला आणि जीव भांड्यात पडायच्या आत पुन्हा वर आला. गाडी अडखळत होती. बोर्ड ताकदवान असून काय उपयोग, चित्र काढणारं कार्ड म्हातारं होतं. एवढे डोंगर, ढग, झाडं त्याच्याने काढवत नव्हती. मी मास्तरांना खरं ते सांगितलं, की चित्रातलं ओझं कमी केलं तरच पळेल.

ते पडद्यावर वाकले. "झाडं काढा, ताई. ढग काढा. डोंगर बी काढा. फक्त रस्ता राहू द्या."

खेळात तशी सोय होती. मी एकेक गोष्ट बंद करत गेले. शेवटी पडद्यावर उरला एक करडा रस्ता आणि वर कोरं आकाश. गाडी सोडली. सुर्रकन गेली.

संतोष आधी बसला. तीन फेऱ्या. पोरगा जोशात होता, मागाचं चाक असं गरगरा फिरवत होता की फळी टेबलावर नाचत होती. चांगली वेळ आली. टाळ्या पडल्या.

मास्तर बसले. नऊ महिने लपवलेला हात सगळ्यांसमोर चाकावर ठेवला. अंगठा आणि दोन बोटं. पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसरीत संतोषपेक्षाही पुढे. मी आणि ज्योती एकमेकींचे हात धरून उभ्या. प्रत्येक वळण अंगावर येत होतं आणि हात जागचा हलत नव्हता. मागून कुणी म्हणालं, "दचकत नई रे." आणि तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला खटकन आवाज आला. संतोषच्या धसमुसळेपणाने ढिला झालेला चाकाचा नट सुटत होता. चाक डुगडुगू लागलं. गाडी रस्त्याच्या कडेला घासली.

मास्तर थांबले नाहीत. डाव्या हाताने डुगडुगतं चाक सावरत गाडी रस्त्यावर ठेवली, नजर पडद्यावर, आणि उजवा हात फिरत्या चाकाच्या मध्यभागी नेला. अंगठा आणि त्या दोन बोटांनी, न बघता, नट कसला. एक आटा, दोन, तीन. हात मागे आला नाही. मग पुन्हा चाक दोन्ही हातांत घेतलं आणि शर्यत पुरी केली.

तीन सेकंदांनी हरले.

कुणाला टाळी वाजवावी की नाही कळेना. संतोष तर इतका ओशाळला, जशी त्यानेच काही चोरी केली. मास्तर उठले आणि गेटकडे बघायला लागले.

रमणभाई शेठ पुढे आला. चाकाजवळ वाकला, नट हलवून पाहिला. हलला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "आ नट चालू गाडीए कोणे कस्यो?"

मास्तरांच्या आधी संतोषच म्हणाला, "मास्तरांनी, शेठ. त्याच हातानं."

शेठ पाटाकडे गेला. कुंकवाने माखलेला तो मोठा पाना उचलला आणि मास्तरांच्या पुढे धरला. मुद्दाम उजव्या हातासमोर. मास्तरांनी तो घेतला, कपाळाला लावला, आणि पहिल्या मागाकडे चालू लागले. वाट आपोआप मोकळी झाली. माग चालू करायचा दांडा ओढायला उजवा हात लागतो. त्यांनी ओढला. धडधड सुरू झाली, आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे धावायला लागला, आणि विजेचा दाब खाली गेल्याने माझ्या पडद्यावरचं चित्र आक्रसून थरथरलं. मास्तर हात मागाच्या अंगावर ठेवून तसेच उभे होते. ज्योती रडत होती. मीही रडत होते, पण मी कॉम्प्युटर पुसायच्या त्याच कापडाने डोळे पुसले, त्यामुळे माझ्या गालांवर कुंकू आणि तेल लागलं, ते वेगळं.

माग नीट लागल्याची खात्री झाल्यावर मास्तर परत आले. पडद्यावर अजून तो उघडाबोडका रस्ता होता. त्यांनी तो जरा वेळ पाहिला.

"ताई," ते म्हणाले, "आते झाडं लाई द्या. गाडी हळू चालनी तरी चाली."